चारियोत ते गुमान : तायक्वांदोच्या कोरियन शब्दांची पार्श्वभूमी

बेल्टची परीक्षा आठवड्यावर आली की बेळगावातील तायक्वांदोच्या वर्गांत किकपेक्षा वह्यांची धांदल अधिक दिसते. माझ्या भाचीच्या वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे चारियोत, क्युंगने, जुंबी, सिजाक, गुमान असे शब्द आणि उजवीकडे सावधान, नमस्कार, तयार, सुरू, थांबा असे अर्थ. तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मैत्रिणीच्या वहीत हीच यादी कन्नड लिपीत आहे. दोघींनी ती फळ्यावरच्या इंग्रजी अक्षरांवरून उतरवली असल्यामुळे दोघींचे उच्चार सारखेच चुकतात. हे शब्द कोठून आले, हे परीक्षेत विचारले जात नाही, त्यामुळे ते हजारो वर्षांपूर्वीच्या कोणा योद्ध्यांचे असावेत, असा मुलांचा आणि पालकांचाही समज असतो. प्रत्यक्षात कोरियन भाषा प्राचीन असली, तरी तायक्वांदोची परिभाषा म्हणून ही यादी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेली आहे, आणि तिच्यातील बऱ्याच शब्दांच्या निवडीमागे जपानशी असलेला हिशेब आहे.

१९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडला. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा मागे सारण्यात आली आणि १९४० पासून लोकांवर जपानी पद्धतीची नावे घेण्याची सक्ती सुरू झाली. शाळेत कोणती भाषा आणि दारावर कोणत्या लिपीत पाटी, या प्रश्नांचे वजन सीमाभागातील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच काळात शिक्षणासाठी जपानला गेलेले काही कोरियन तरुण तेथे कराटे शिकले. त्यांपैकी ली वॉन-कुक यांनी १९४४ मध्ये सोलमध्ये ‘छॉङ दो क्वान’ सुरू केले. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानची सत्ता संपल्यावर अशी आणखी क्वान, म्हणजे आपल्याकडच्या तालमींसारखी घराणी, उभी राहिली. तेथे शिकवली जाणारी विद्या बव्हंशी कराटेवर आधारलेली होती आणि तिची नावेही तशीच होती. ‘थाङसूदो’ आणि ‘कोङसूदो’ ही कराटे या शब्दाच्या दोन चिनी लेखनांची कोरियन वाचने होत.

चिनी चित्राक्षरे जपान आणि कोरिया या दोन्ही देशांत वापरली जात, पण प्रत्येकजण ती आपापल्या उच्चाराने वाचत असे. त्यामुळे जपानी ‘दोजो’, म्हणजे व्यायामशाळा, कोरियात ‘दोजाङ’ झाला, काळ्या पट्ट्याखालच्या दर्जांसाठीच्या ‘क्यू’चे ‘गुप’ झाले, गुरू या अर्थाच्या ‘शिहान’चे ‘साबॉम’ झाले, ‘किआई’ची ‘किहाप’ ही आरोळी झाली, आणि ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याचा दर्जा, व ‘जुन्बी’, म्हणजे तयार, हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले. ‘दोजाङ’ हा शब्द तर आपल्यालाही परका नाही. त्यामागची चिनी अक्षरजोडी बौद्ध ग्रंथांत ‘बोधिमंड’ या संस्कृत शब्दाचे, म्हणजे बुद्धाला ज्ञान झाले त्या जागेचे, भाषांतर म्हणून रूढ झाली होती. व्यायामशाळेच्या दारावरचा हा शब्द निम्म्या आशियाचा फेरा मारून परत आला आहे. अशा उसनवारीचे नवल बेळगावकराला वाटू नये, कारण आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती पाहताना आपण जे शब्द सहज वापरतो, त्यांतील कुस्ती, पैलवान आणि वस्ताद हे फारसीतून आले आहेत आणि ‘तालीम’ हा मुळात शिक्षण या अर्थाचा अरबी शब्द आहे.

पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राला आपल्या युद्धकलेचे नाव जपानी अक्षरांच्या सावलीत ठेवणे पटणारे नव्हते. १९५५ मध्ये सेनाधिकारी छ्वे होङ-ही यांनी ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे केले. पायाने तुडवणे वा लाथ मारणे, मूठ आणि मार्ग अशा तीन अक्षरांचे हे नाव आहे. ते निवडण्यामागे एक चतुराई होती : लाथांचा जुना कोरियन खेळ ‘थेक्क्यॉन’ याच्याशी त्याचा उच्चार मिळताजुळता होता, त्यामुळे नव्या विद्येला जुने कूळ सांगता येत होते. हे नाव सर्वांनी लगेच स्वीकारले असे नाही. राष्ट्रीय संघटनेने काही वर्षे ‘थेसूदो’ हे तडजोडीचे नाव चालवले आणि १९६५ मध्ये ती तायक्वांदोवर स्थिरावली. छ्वे यांनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापला, पण दक्षिण कोरियाच्या राजवटीशी बिनसल्यामुळे १९७२ मध्ये ते कॅनडाला गेले. त्याच वर्षी सोलमध्ये ‘कुक्कीवॉन’ हे मुख्यालय उभे राहिले आणि १९७३ मध्ये जागतिक महासंघ निघाला, जो २०१७ पासून ‘वर्ल्ड तायक्वांदो’ या नावाने ओळखला जातो. या फुटीमुळे शब्दांचीही वाटणी झाली. हालचालींच्या ठरावीक क्रमाला छ्वे यांच्या परंपरेत ‘थुल’ म्हणतात आणि कुक्कीवॉनच्या परंपरेत ‘फुमसे’. त्यामुळे बेळगावात एका क्लासची यादी पाठ करून दुसऱ्या क्लासमध्ये गेलेला मुलगा गोंधळला, तर दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नसतो.

थुलांच्या नावांत तर राष्ट्रवाद उघडच बोलतो. ‘जुङ-गुन’ हे नाव १९०९ मध्ये हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांना गोळ्या घालणाऱ्या आन जुङ-गुन यांचे आहे. त्या थुलात ३२ हालचाली आहेत, कारण फाशी झाली तेव्हा त्यांचे वय ३२ मानले जाते. ‘छुङ-मू’ ही सोळाव्या शतकात जपानी आरमाराला हरवणारे सेनापती यी सुन-शिन यांची मरणोत्तर पदवी आहे.

नावानंतर पाळी आली आतील शब्दांची, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे. आपल्याकडे शिवकाळात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय करवून घेतले गेले. कोरियन संघटकांनी नेमके उलटे केले : भारदस्त चिनी-जपानी शब्द बाजूला ठेवून घराघरांतले साधे देशी शब्द वर आणले. झुंजीसाठीचा ‘देर्यॉन’ मागे पडला आणि ‘क्यॉरुदा’, म्हणजे चढाओढ करणे, या क्रियापदापासून ‘क्यॉरुगी’ आला. ‘छागी’, ‘माक्की’, ‘जिरुगी’ आणि ‘सॉगी’ हे असेच देशी क्रियापदांपासून केलेले शब्द आहेत. त्यांच्या शेवटी दिसणारा ‘गी’ हा प्रत्यय मराठीतील ‘णे’चे काम करतो. ‘छादा’पासून ‘छागी’ म्हणजे लाथाडणे, ‘माक्ता’पासून ‘माक्की’ म्हणजे अडवणे, ‘जिरुदा’पासून ‘जिरुगी’ म्हणजे ठोसा मारणे, ‘सॉदा’पासून ‘सॉगी’ म्हणजे उभे राहणे. हे एकदा लक्षात आले की उरतात ती केवळ दिशा आणि शरीराची अंगे : ‘आप’ म्हणजे पुढे, ‘द्वी’ म्हणजे मागे, ‘यॉप’ म्हणजे बाजूला, ‘आन’ म्हणजे आत, ‘बाक्कात’ म्हणजे बाहेर, ‘आरे’ म्हणजे खाली, ‘मोमथोङ’ म्हणजे धड आणि ‘ऑल्गुल’ म्हणजे चेहरा. शब्दांचा क्रमही मराठीसारखाच आहे. ‘आरे माक्की’ म्हणजे खाली अडवणे, ‘आप छागी’ म्हणजे पुढे लाथाडणे. ‘द्वीरो दोरा’, म्हणजे मागे वळा, या आज्ञेत ‘रो’ हे आपल्या ‘कडे’प्रमाणे नामाच्या मागून येते आणि क्रियापद शेवटी बसते. इंग्रजीतून पाठ करणाऱ्याला उलटसुलट वाटणारी ही रचना मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला विनासायास पटते, पण आपले प्रशिक्षक अर्थ बहुधा इंग्रजीतूनच सांगत असल्याने ही सोय वाया जाते.

आज्ञांमध्ये मात्र दोन्ही थर मिसळलेले राहिले. ‘जुन्बी’, ‘शिजाक’ आणि नमस्काराची आज्ञा ‘क्यॉङन्ये’ हे चिनी मुळाचे शब्द आहेत, तर ‘छार्यॉत’ देशी आहे आणि त्याचा मूळ भाव ‘नीट सावर’ असा आहे. ‘गुमान’चा अर्थही केवळ ‘थांबा’ नसून ‘पुरे’ असा आहे. आपल्या ‘गुमान’शी, म्हणजे पर्वा किंवा ताठ्याशी, त्याचा काही संबंध नाही, तरी पंचाने ‘गुमान’ म्हणताच मुले हसतात ती त्यामुळेच.

हाच दुहेरी थर अंकांत अगदी ठळक दिसतो. जोर किंवा किक मोजताना ‘हाना, तूल, सेत, नेत, तासॉत, यॉसॉत, इल्गोप, यॉदॉल, आहोप, यॉल’ असे देशी अंक म्हटले जातात. पण दर्जा सांगताना आणि फुमसेचा क्रमांक देताना ‘इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, कू, शिप’ हे चिनी मुळाचे अंक येतात. म्हणून पहिला दान ‘हाना दान’ होत नाही, तो ‘इल दान’ होतो, आणि थेगुक या फुमसे-मालिकेतला तिसरा ‘साम जाङ’ म्हणवला जातो. कोरियात घड्याळाचे तास देशी अंकांनी आणि मिनिटे चिनी अंकांनी सांगतात. घरात एक-दोन-तीन, बाजारात ओंदु-एरडु-मूरु आणि मोबाइलचा नंबर सांगताना इंग्रजी आकडे वापरणाऱ्या खानापूर-निपाणीच्या मुलांना यात अवघड असे काही नाही. कोणते अंक कोठे वापरायचे, एवढे कोणीतरी सांगितले पाहिजे.

उच्चारांचा घोळ रोमन लेखनाने वाढवला. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेली रोमन लेखनपद्धती आणि कोरियन सरकारने २००० मध्ये स्वीकारलेली पद्धती यांत एकच शब्द निरनिराळा दिसतो. शिवाय शब्दाच्या आरंभी ‘क’सारखा ऐकू येणारा वर्ण दोन स्वरांच्या मध्ये ‘ग’ होतो, म्हणून एकाच शब्दाची ‘क्यॉरुगी’ आणि ‘ग्यॉरुगी’ अशी दोन रूपे आढळतात. रोमन अक्षरांतून ‘छागी’ची ‘चागी’ झाली, आणि मग ‘चहा’तला च की ‘चमचा’तला च, अशी शंका खास मराठी मुलाला येते. वास्तविक तो वर्ण ‘छ’च्या जवळचा आहे आणि तायक्वांदोचा पहिला वर्ण ‘थ’च्या जवळचा. हे दोन्ही वर्ण देवनागरीत आणि कन्नड लिपीतही हजर आहेत. राजा सेजोङ यांनी १४४३ मध्ये सिद्ध करून १४४६ मध्ये प्रसृत केलेली हंगुल लिपी आज १४ व्यंजने आणि १० स्वर अशा २४ मूळ अक्षरांची आहे. बाराखडी येणाऱ्याला ती शिकणे जड नाही, कारण तिच्यातही स्वर-व्यंजने जोडून एकेका अक्षराचा ठोकळा बांधतात.

भारतात तायक्वांदो १९७० च्या दशकात आला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ होता आणि २००० मध्ये सिडनीत पदकांचा खेळ झाला. या झुंजींत पंचांचे शब्द जगभर एकच असतात : निळा खेळाडू ‘छॉङ’, तांबडा ‘होङ’, दंड ‘गामजॉम’, ज्याचा शब्दशः अर्थ गुण वजा करणे. इशाऱ्यासाठी पूर्वी ‘क्यॉङगो’ हा शब्द होता, पण २०१७ च्या नियमांत तो प्रकारच काढून टाकण्यात आला. दादा-ताईंच्या जुन्या वह्यांवरून यादी उतरवणाऱ्या मुलांकडे तो अजून असतो. भाचीच्या वहीतही तो सातव्या ओळीवर होता, आणि परवा तिच्या सरांनी त्यावर लाल रेघ मारली.