व्हॅली फोर्ज : राहावे की जावे, हा प्रश्न नेमका कोणाचा?

अमेरिकेतील शाळांत इतिहासाच्या तासाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७७-७८ च्या हिवाळ्यात, तुम्ही व्हॅली फोर्जच्या छावणीत शिपाई असता, तर राहिला असता की घरी परतला असता? उत्तरे बहुधा धैर्य आणि देशप्रेम यांच्याभोवती फिरतात. प्रत्यक्षात त्या छावणीतील प्रत्येकाला हा प्रश्न सारखा लागू नव्हता.

ब्रँडीवाइन आणि जर्मनटाउन येथील पराभवांनंतर, फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या हाती असताना, अमेरिकी सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचे सुमारे ११ ते १२ हजारांचे सैन्य १९ डिसेंबर १७७७ रोजी पेनसिल्व्हेनियातील या जागी उतरले. राहण्यासाठी १४ बाय १६ फुटांच्या लाकडी ओंडक्यांच्या झोपड्या शिपायांनीच बांधायच्या होत्या आणि एकेका झोपडीत बारा जण राहायचे होते. चारच दिवसांनी वॉशिंग्टन यांनी काँग्रेसला (बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेला) कळवले की, पादत्राणे आणि कपडे नसल्यामुळे २,८९८ माणसे कामास अपात्र आहेत, आणि पुरवठ्यात तातडीने मोठा बदल झाला नाही तर सैन्य उपासमारीने तरी संपेल किंवा पांगेल तरी.

त्या वर्षीची थंडी मात्र तुलनेने मध्यमच होती. खरा कडाका याच सैन्याने दोन वर्षांनी मॉरिसटाउनला सोसला. व्हॅली फोर्जला घात केला तो रसदीने. पुरवठ्याचे प्रमुख टॉमस मिफ्लिन यांनी आधीच राजीनामा दिला होता, गाड्या कमी पडत होत्या, रस्ते चिखलाने भरले होते, आणि घसरत्या कागदी चलनापेक्षा ब्रिटिशांची रोख नाणी अनेक शेतकऱ्यांना अधिक भरवशाची वाटत होती. छावणीत सुमारे दोन हजार माणसे मेली, ती मुख्यतः रोगांनी, आणि त्यांपैकी बहुतेक थंडी ओसरल्यानंतरच्या महिन्यांत.

आता जाण्याविषयी. अधिकारी राजीनामा देऊ शकत होते आणि देतही होते : ऑगस्ट १७७७ पासूनच्या काही महिन्यांत दोनशे ते तीनशे जण सोडून गेल्याचे वॉशिंग्टन यांनी एप्रिल १७७८ मध्ये लिहिले आहे. साध्या शिपायाला ही वाट नव्हती. १७७६ च्या ठरावांनुसार तो तीन वर्षांसाठी किंवा युद्ध संपेपर्यंत बांधलेला असे. मुदतीपूर्वी निघून जाणे म्हणजे पलायन, आणि त्याची शिक्षा शंभर फटक्यांपर्यंत, प्रसंगी मृत्युदंडही. निवड खरी उरली ती मुदत भरलेल्यांपुढे, उदाहरणार्थ १७७६ च्या आरंभी दोन वर्षांसाठी दाखल झालेल्या व्हर्जिनियाच्या शिपायांपुढे. त्यांतील अनेकांनी घरचा रस्ता धरला, आणि करार पूर्ण केलेल्या माणसाला त्याबद्दल भित्रा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

फेब्रुवारीअखेरीस आलेले प्रशियन लष्करी अधिकारी फॉन श्टॉयबेन यांनी शिकवलेली कवायत इतिहासात गाजली. माझ्या मते राहणाऱ्यांच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे होते ते मार्चमध्ये जनरल नॅथनिएल ग्रीन यांनी पुरवठ्याची सूत्रे हाती घेणे. अधिकाऱ्यांची गळती रोखण्यासाठी काँग्रेसने १५ मे १७७८ रोजी, युद्ध संपेपर्यंत थांबणाऱ्यांना नंतर सात वर्षे निम्मा पगार देण्याचे मान्य केले. त्याच ठरावात, शेवटपर्यंत राहणाऱ्या शिपायासाठी एकरकमी ८० डॉलर ठेवले होते.