संगणकीय संगीतनिर्मिती व स्वरलेखन : ग्रामीण विदर्भातील सुरुवातीचे शिक्षण

संगणकावर किंवा मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करणे, वाद्यांचे स्वर भरणे, सगळ्यांचे मिश्रण करणे आणि चाल लिपीत उतरवणे, या सर्व कामांना मिळून संगणकीय संगीतनिर्मिती म्हणतात. ग्रामीण विदर्भात हे शिकायला येणारा सहसा कोरी पाटी घेऊन येत नाही. खंजेरी भजने, भीमगीते, भुलाबाईची गाणी आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत धानकापणीनंतर रात्रभर चालणारी नाटके कानावर असतात; कुणाचा हात पेटीवर बसलेला असतो, कुणाचा ढोलकी किंवा ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर. त्यामुळे सॉफ्टवेअरची बटणे पाठ करून घेण्याआधी पेटीच्या पट्ट्यांपासून सुरुवात केलेली बरी.

पट्ट्यांचे आकडे. १९८३ साली प्रमाणित झालेली मिडी ही वाद्ये व संगणक यांना जोडणारी सांकेतिक पद्धत आवाज साठवत नाही; कोणती पट्टी, किती जोराने, कधी दाबली आणि कधी सोडली, एवढेच टिपते. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात. पियानोच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक (पाश्चात्त्य ‘सी’) म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी चार ६५. काळी एकमध्ये बसवलेली चाल पांढरी चारमध्ये गाणाऱ्या बाईंसाठी हवी असेल तर सगळे स्वर (काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मिळून) चार घरे वर सरकवले की झाले. ऑक्टोपॅडही मिडीवर बोलतो, म्हणून ढोलकीचे बोल माऊसने एकेक टिंब मांडून भरण्यापेक्षा पॅडवर वाजवूनच भरावेत. अडचण सुरांच्या बारीक अंतरांची आणि मिंडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची आहे. मिडीचे बारा स्वर पेटीसारखेच समान अंतराचे असतात. त्यातला शुद्ध गंधार तंबोऱ्याशी जुळणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या शंभर भागांपैकी चौदा) चढा लागतो. मिडीतल्या ‘पिच बेंड’ या सोयीने स्वर ओढता येतो, पण त्याने त्या मिडी चॅनेलवरचे (वाहिनीवरचे) सगळेच स्वर एकदम ओढले जातात. गळ्यातली मींड गळ्याकडूनच ध्वनिमुद्रित करून घेणे उत्तम.

लिपी. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तारसप्तकाला वर बिंदू आणि मंद्राला खाली बिंदू असतो. वहीत हे सोपे आहे. देवनागरी टंकलेखनात मात्र वरचा बिंदू अनुस्वाराच्या आणि खालचा नुक्त्याच्या जागी येतो. लोक तार षड्जासाठी ‘सां’ असेच लिहितात आणि ते चालूनही जाते. खरा घोटाळा कोमल स्वरांचा होतो, कारण व्हॉट्सअॅपच्या संदेशात अधोरेखन टिकत नाही आणि चार कोमल स्वरांची भैरवी पाठवली तरी पलीकडे सगळ्या शुद्ध स्वरांची बिलावल वाचली जाते. अशा वेळी पानाचा फोटो किंवा पीडीएफ पाठवावी.

म्यूझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर पाश्चात्त्य पाच रेघांची लिपी लिहिते. तिथे षड्ज (सा) हवा त्या पट्टीवर सरकत नाही; काळी एकला सा धरून बिलावल लिहिली तर सुरुवातीलाच पाच कोमल किंवा सात तीव्र चिन्हे येतात आणि नवखा बिचकतो. म्हणून शिकताना सगळे पांढरी एकमध्ये लिहावे, पट्टी नंतर बदलावी.

ठेका आणि चौकट. केहरवा आठ मात्रांचा, दादरा सहाचा; त्यांना पडद्यावरच्या चौकटी सहज बसतात. रूपकाच्या सात मात्राही मांडता येतात, पण त्याची सम (पहिली मात्रा) ‘खाली’ची, म्हणजे टाळी न देण्याची असते आणि मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारे साधन) नेमका पहिल्याच मात्रेवर जोर देतो, तेव्हा तो जोर काढून टाकावा लागतो. शिकणाऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान ‘क्वांटाइझ’ या बटणाने होते. ते प्रत्येक आघात जवळच्या रेघेवर आणून ठेवते. भजनी ठेक्यातला हलकासा झोल त्यात मरतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याचे प्रमाण ठरवता येते, ते निम्म्याच्या आसपास ठेवून कानाने तपासावे. शिवाय भजनाची लय शेवटाकडे चढत जाते. एकाच गतीच्या क्लिकवर गायला लावले की मंडळी अवघडतात. आधी खंजेरी आणि टाळ मोकळेपणी वाजवू द्यावेत, कुठे किती गती याचा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये मागाहून आखावा.

ध्वनिमुद्रण. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिटचा एक मोनो (डावा-उजवा भेद नसलेला) ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो. खंजेरीची थाप अचानक उसळते, त्यामुळे पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राखावी. शून्य ही कमाल पातळी; तिच्यावर गेलेला आवाज कापला जातो आणि नंतर दुरुस्त होत नाही. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो. गायकाच्या मागे आणि बाजूंना कापसाच्या गाद्या उभ्या केल्या तर मधले व वरचे स्वर चांगले शोषले जातात. ढोलकीचा घुमारा त्यांना आवरत नाही. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो आणि पंखा बंद करावा लागतो, म्हणून पहाटेची वेळ सोयीची. भारनियमनामुळे बॅटरी चांगली असलेला जुना लॅपटॉप नव्या डेस्कटॉपपेक्षा उपयोगी ठरतो. ब्लूटूथचे इअरफोन ऐकायला ठीक, गाताना नकोत. आवाज उशिरा पोहोचतो आणि गायक मागे पडतो. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) २५६ नमुन्यांचा ठेवल्यास ४८ किलोहर्ट्झला त्याचा विलंब सुमारे ५ मिलिसेकंद असतो, १०२४ ठेवल्यास २१.

तयार झालेला ट्रॅक गावात बहुधा भोंग्यावर किंवा मोबाइलवर वाजतो. भोंग्यात खर्ज जवळजवळ उरतच नाही, तेव्हा ढोलकी नुसती घुमारेदार न ठेवता तिच्या थापेचा टणका थोडा उचलावा लागतो. अनेक ठिकाणी डावा-उजवा आवाज एकत्र करून एकाच तारेतून सोडतात; म्हणून मिश्रण मोनो करून ऐकावे आणि त्यात पेटी किंवा गाणे अचानक बारीक झाले तर त्या ट्रॅकवरचा ‘वायडनर’ (आवाज डावीउजवीकडे पसरवणारा परिणाम) काढून टाकावा.