डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१

नऊ वेळा एक लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. ही सतरा अंकी पूर्ण संख्या उलटीकडून वाचली तरी तीच राहते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील स्थानांच्या नावांनी मोजल्यास तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो, परार्धाच्या एक पायरी अलीकडे. १, १२१, १२३२१ अशा चढत जाणाऱ्या मालिकेतली ही नववी संख्या.

डेम्लो हे नाव गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) दिले. जन्म डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्याला, नोकरी देवळालीला शाळाशिक्षकाची. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर (आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते) त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. गणितातील कल्पनांना बहुधा गणितज्ञांची नावे मिळतात. इथे ते भाग्य मुंबईच्या लोकलमार्गावरील एका स्थानकाला लाभले, याचे मोल मोठे आहे.

कापरेकरांच्या डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात: डावा आणि उजवा भाग मिळवले की मधल्या भागातला अंकच पुन्हापुन्हा येतो. उदाहरणार्थ २५५३: २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये ५५. प्रस्तुत संख्येत मध्ये ९ आहे; १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. १२३४५६७९ मध्ये आठ नाही, आणि तिला ९ ने गुणले की नऊ एक परत मिळतात. प्रस्तुत डेम्लो संख्येचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच (३ चार वेळा, बाकीचे दोन-दोनदा), म्हणून एकूण विभाजक ४५.

ही सुबक रचना येते कशी, ते चौकटीच्या वहीत गुणाकार मांडला की दिसते. (संगणकावर पडताळताना जपावे, अनेक स्प्रेडशीट पंधरा अंकांपुढे शून्येच दाखवतात.) नऊ एकांच्या नऊ ओळी एकाखाली एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ. तिथून पुढे आठ, सात असे उतरत शेवटी पुन्हा एक. कुठल्याही रकान्याची बेरीज नवापुढे जात नाही, त्यामुळे हातचा येतच नाही. सगळे सौंदर्य या न आलेल्या हातच्यात आहे.

दहा एकांचा वर्ग करून पाहावा. दहाव्या रकान्यात दहा होतात: शून्य, हातचा एक. तो पुढच्या नवात मिळून पुन्हा दहा: शून्य, हातचा एक. तो आठात मिळून नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला, आणि उलटीकडून आता वेगळीच संख्या वाचली जाते.