सिलिॲक आजाराच्या संशोधनात नातलगांचा सहभाग : पार्श्वभूमी

सिलिॲक आजार म्हणजे गव्हाची ॲलर्जी नव्हे. गहू, बार्ली किंवा राय यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि जुलाब, खुंटलेली वाढ किंवा लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पंडुरोग अशा रूपांत हा आजार प्रकट होतो. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पण दोष गव्हाचा आहे, हे नेदरलँड्सच्या विलेम डिके यांच्या १९५० च्या प्रबंधातून पुढे यायला साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

आजार घराण्यात चालतो हे पुढे स्पष्ट होत गेले. तरी रुग्णाच्या धडधाकट भावाला तपासणीसाठी आतड्याचा तुकडा काढून द्यायला राजी करणे सोपे नव्हते. १९९७ मध्ये टीटीजी या विकराविरुद्धच्या प्रतिद्रव्यांचा शोध लागला आणि पुढे रक्ताच्या साध्या नमुन्यावर नातलगांची चाळणी होऊ लागली. रुग्णाचे आई-वडील, सख्खी भावंडे आणि मुले यांच्यापैकी शंभरात सात-आठ जणांना हा आजार आढळतो. गहू सोडल्यावर मात्र ही प्रतिद्रव्ये उतरतात. म्हणून एकाचे निदान होताच घरभर पथ्य सुरू करण्याची घाई इतरांच्या तपासणीच्या मुळावर येते.

दक्षिणेच्या दृष्टीने २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली भारतीय पाहणी सर्वांत महत्त्वाची वाटते. आजाराची शक्यता निर्माण करणारी डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुके उत्तरेत आणि दक्षिणेत जवळपास सारख्याच प्रमाणात, सुमारे एक तृतीयांश लोकांत, आढळली. सिलिॲकची प्रतिद्रव्ये मात्र उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या रक्तात सापडली. दक्षिणेतल्या जेवणात गहू फारच कमी होता. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडचा भात आणि अथणीकडची ज्वारीची भाकरी यांच्या शेजारी आता चपाती रोजची झालेली असताना सीमाभागातील मराठी कुटुंबांना या प्रश्नातून वगळता येणार नाही. येथे पथ्याची अडचणही निराळी आहे : भाकरी निर्दोष, पण गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पीठ बाधते, आणि बाजारच्या डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते.

वैद्यकीय संशोधनातील सहभाग या जिल्ह्याला नवा नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे निर्णय एकेकीपुरता होता. सिलिॲकच्या अभ्यासात एकाच्या जनुकांवरून भावंडांविषयीही काही कळते, त्यामुळे संमतीचा प्रश्न अधिक नाजूक होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीची माहिती सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते, म्हणजे फक्त मराठी वाचणाऱ्या आजीच्या हाती कन्नड किंवा इंग्रजी कागद देऊन भागत नाही. सात वर्षांवरील मुलाचा होकार पालकांच्या संमतीबरोबर स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, आणि घरच्या कर्त्याने मान डोलावली म्हणून सुनेचे रक्त घेता येत नाही.