क्लॅडोग्रॅम : प्राण्यांच्या नात्यांचे वाचन

क्लॅडोग्रॅम म्हणजे प्राण्यांच्या गटांमधील उत्क्रांतीचे नाते दाखवणारी फाट्याफाट्यांची आकृती. टोकांना प्राणी असतात, आणि जिथे फाटा फुटतो ती गाठ म्हणजे पुढच्या सर्व फांद्यांचा सामायिक पूर्वज. या पद्धतीची शास्त्रीय मांडणी जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये केली.

आकृती वाचायला शिकण्यासाठी बडोद्यात विश्वामित्री नदीचा काठ पुरतो. मगर, घोरपड आणि मोर असे तीन प्राणी घेऊ. पुराच्या दिवसांत मगर ज्यांच्या अंगणापर्यंत येते त्या मराठी घरांत विचारले, मगरीचे जवळचे कोण, तर 'घोरपड' हेच उत्तर मिळते. खवले, चार पाय, लांब शेपटी, सगळे तसेच दिसते. आकृती वेगळे सांगते. मगर आणि मोर यांच्या फांद्या एका गाठीत मिळतात. घोरपडीची फांदी त्याच्या बरीच आधी फुटलेली असते. म्हणून घोरपड मगरीला जितकी दूरची, तितकीच मोरालाही.

कारण असे की खवले हा फार जुन्या पूर्वजाकडून आलेला वारसा आहे. तो जवळचे नाते सिद्ध करत नाही. त्यासाठी नंतर उपजलेले आणि दोघांत सारखे असलेले गुण लागतात. मगर आणि पक्षी यांचे हृदय चार कप्प्यांचे असते, घोरपडीच्या हृदयाचा खालचा कप्पा पुरता विभागलेला नसतो. सस्तन प्राण्यांचेही हृदय चार कप्प्यांचे असते, पण तो गुण त्यांच्यात स्वतंत्रपणे आला. त्यामुळे एकाच गुणावर भिस्त ठेवता येत नाही. अनेक गुण आणि डीएनए एकत्र तपासून, कमीत कमी बदलांत जुळणारी रचना साधारणपणे पसंत करतात. मगरीची मादी घरटे राखते, अंड्यांतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. हे पाहिले की पक्ष्यांशी असलेले नाते कागदावरचे राहत नाही. गुजरातेतल्या बालासिनोरजवळच्या राहिओलीत सापडलेल्या आणि २००३ मध्ये नाव मिळालेल्या राजासॉरस या डायनोसॉरची फांदीही मगरीपेक्षा मोराच्या बाजूची आहे.

वाचताना सर्वांत जास्त घोटाळा टोकांच्या क्रमामुळे होतो. शेजारी लिहिले म्हणजे जवळचे, असे नसते. गाठीपाशी फांद्या फिरवल्या तरी नाते तेच राहते. उजव्या टोकाचा प्राणी 'पुढारलेला' नसतो. मगर मोराची पणजीही नव्हे. दोघे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत.

नावही फसवते. 'देवमासा' हा मासा नाही. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या, म्हणजे आपल्या कमाटीबागेतल्या, संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, १८९४ मध्ये, उभे राहिलेले हे संग्रहालय पाहताना त्या सांगाड्यापाशी जरूर थांबावे. देवमाशाच्या परासारख्या दिसणाऱ्या पुढच्या अवयवात दंडाचे हाड, मनगट आणि बोटांच्या पेरांची रांग असते. माशाच्या परात असली रांग नसते. हयात प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा. गाय, डुक्कर आणि हरीण त्याच मोठ्या फांदीवर येतात. कच्छमध्ये सापडलेला, २००० मध्ये नाव दिलेला कच्छीसीटस हा प्राचीन देवमासा याच फांदीवर, आजच्या देवमाशांच्या गाठीच्या आधी फुटलेल्या फाट्यावर बसतो, आणि त्याला मागचे पाय होते.