नवऱ्याशी बोलणार कोण?

गावात कुटुंब नियोजनाचा विषय निघाला की आशाताई बाईला गाठते. तांबी बाईला बसवायची, माला-डीची पाकिटं बाईने सांभाळायची, दोन लेकरं झाली की ऑपरेशनही बाईचंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. ज्यांच्या नवऱ्याने नसबंदी करून घेतली होती त्यांचं प्रमाण 0.3 टक्के. मूल कधी हवं, किती अंतराने हवं, निरोध वापरायचा की नाही, यातला शेवटचा शब्द मात्र बहुतेक घरांत नवऱ्याचा, नाहीतर सासूचा. ज्याचा शब्द चालतो त्याच्याशी कुणी बोलतच नाही. ही आपल्या आरोग्यव्यवस्थेतली फार जुनी उणीव आहे आणि तिची किंमत बायका आपल्या शरीराने मोजतात.

या उणिवेवर नेमकं बोट ठेवणारा एक प्रयोग ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाला. नाव 'चार्म'. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अनिता राज, मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतले बलैया दोंता आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला. गावं-वस्त्यांचे 50 समूह पाडले, 1,081 तरुण जोडपी निवडली. नवऱ्यांचं वय 18 ते 30. कुठल्या समूहात कार्यक्रम राबवायचा आणि कुठल्या समूहातल्या जोडप्यांना फक्त सरकारी सेवांकडे पाठवायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने ठरवलं.

कार्यक्रम तीन बैठकींचा होता. पहिल्या दोन एकट्या नवऱ्याशी, तिसरी नवरा-बायको दोघांशी. बोलणारा माणूस गावपातळीवर आरोग्यसेवा देणारा पुरुष, ज्याला लोक सरळ 'डॉक्टर' म्हणतात असा, खास प्रशिक्षण दिलेला. माझ्या मते या सगळ्या प्रयोगातला सर्वात शहाणपणाचा निर्णय हाच. चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला पोरगा आरोग्यसेविकेपुढे निरोधचं नाव काढणार नाही. त्याच्या घरचे म्हणणार, आधी एक होऊ दे, मग बघू. पण अंगात कणकण असली की तो ज्याच्याकडे जातो, ज्याने त्याच्या आईचं बीपी तपासलेलं असतं, तो डॉक्टर दार लोटून बोलू लागला की ऐकून घेतो. बोलणं सुरू व्हायचं पाळणा लांबवण्याच्या साधनांपासून. त्याच ओघात मुलगाच हवा हा हट्ट, बायकोशी बोलण्याची रीत, तिची इच्छा नसताना केलेली जवळीक, तिच्यावर उचललेला हात हे विषय येत.

2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रमातल्या जोडप्यांत आधुनिक गर्भनिरोधकं वापरली जाण्याची शक्यता नऊ महिन्यांनी आणि अठरा महिन्यांनीही तुलनेच्या जोडप्यांच्या सुमारे दीडपट होती. हिंसेच्या बाबतीत ठळक फरक दिसला तो लैंगिक जबरदस्तीत. अठरा महिन्यांनी बायकांना विचारलं तेव्हा कार्यक्रमाच्या गावांत अशी जबरदस्ती झाल्याचं सांगण्याची शक्यता (संख्याशास्त्राच्या हिशेबाने) तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहूनही थोडी कमी होती. बायकोवर हात उचलणं योग्य आहे असं मानणारे नवरेही घटले. नवऱ्यांच्या उत्तरांबद्दल शंका घ्यायला जागा आहे. ज्याला तीनदा समजावलंय तो 'बरोबर' उत्तर देणारच. म्हणून बायकोचं उत्तर मोलाचं. तिला फार तर एका बैठकीला बसवलेलं होतं, घरात काय बदललं ते मात्र तिलाच ठाऊक.

मारहाण आणि लैंगिक आरोग्य हे दोन विषय एकाच पिशवीत का घातले, असं कुणी विचारेल. 2008 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात संशोधक जे सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. राष्ट्रीय पाहणीच्या तिसऱ्या फेरीतल्या 28,139 विवाहित भारतीय स्त्रियांची माहिती आणि त्यांच्या रक्तचाचण्या त्यांनी ताडून पाहिल्या. नवऱ्याकडून कसलीच हिंसा न झालेल्या स्त्रियांत एचआयव्हीचं प्रमाण 0.19 टक्के होतं. शारीरिक आणि लैंगिक अशी दोन्ही प्रकारची हिंसा सोसलेल्या स्त्रियांत 0.73 टक्के. जवळजवळ चौपट. आकडे लहान दिसतात, पण या बाया 'जोखमीच्या गटा'तल्या नव्हत्या, त्या आपापल्या घरात संसार करत होत्या. जो नवरा मारतो तो बाहेर संबंध ठेवण्याचीही शक्यता जास्त असते. आणि मार खाणारी बाई त्याला 'निरोध वापरा' असं कुठल्या तोंडाने म्हणेल? अंगावरून पांढरं जातंय हे सांगायला दवाखान्यात जायचं तर तिला घरातून परवानगी लागते. एका वेळी घेतलेल्या पाहणीतून कारण आणि परिणाम छातीठोकपणे सांगता येत नाहीत, तरी दुवा इतका स्पष्ट आहे की एकाला हात न लावता दुसऱ्यावर उपाय करू पाहणं मला व्यर्थ वाटतं.

तर कार्यक्रम त्या-त्या समाजाला साजेसा घडवायचा म्हणजे काय करायचं? आरोग्यशिक्षणाचे अभ्यासक केन रेझ्निकाउ यांनी 1999 मध्ये यात दोन थर सांगितले. वरचा थर म्हणजे भाषा, चित्रं, नावं, पेहराव. खालचा थर म्हणजे त्या समाजातल्या माणसांना खरोखर कशाची चिंता आहे, कुणाचं ऐकलं जातं, निर्णय कोण घेतं. आपल्या सरकारी भित्तिपत्रकांची धाव बहुधा वरच्या थरापर्यंतच. मजकूर दिल्लीत तयार होतो, चित्रातल्या बाईला नऊवारी नेसवली की तो महाराष्ट्राचा झाला.

खालच्या थराचं सर्वात सुरेख उदाहरण मला पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियात सापडतं. 'स्टेपिंग स्टोन्स' हा मूळ कार्यक्रम युगांडातला, 1995 चा, एचआयव्हीच्या साथीतून जन्मलेला. गाम्बियाच्या मुस्लिमबहुल गावांत एचआयव्हीची फारशी धास्ती नव्हती, आणि कुटुंब नियोजन म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांना जाळणारी काळजी वेगळीच होती, वांझपणाची. मूल न होणाऱ्या बाईचे हाल आपल्याला काही नवे नाहीत. तिथल्या कार्यकर्त्यांनी कार्यक्रमाचं तोंडच फिरवलं. लैंगिक संसर्गांवर उपचार झाले नाहीत तर पुढे मूल होण्यात अडचण येते, हे वैद्यकीय सत्य आहे. त्यांनी निरोध मूल टाळण्याचं साधन म्हणून पुढे न करता पुढे मूल व्हावं म्हणून शरीर जपण्याचं साधन म्हणून मांडला. त्याच वाटेने नवरा-बायकोतली भांडणं आणि मारहाण यांवरही चर्चा होऊ लागली. लोकांची चिंता खोटी ठरवायची नाही, तिचा हात धरूनच पुढे जायचं.

हाच 'स्टेपिंग स्टोन्स' दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात 70 गावांत पारखला गेला. 2008 च्या निष्कर्षांत एचआयव्हीच्या नव्या संसर्गात खात्रीलायक घट दिसली नाही, पण जननेंद्रियांच्या नागिणीचे म्हणजे हर्पिसचे नवे संसर्ग सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले आणि पुरुषांनी स्वतः कबूल केलेली जोडीदारावरची हिंसाही घटली.

मुंबईने असे कार्यक्रम बाहेरून आणून आपलेसे केले आहेत. ब्राझीलमध्ये तरुण पुरुषांसाठी आखलेल्या 'प्रोग्राम एच'वरून पॉप्युलेशन कौन्सिल आणि मुंबईची 'कोरो' संस्था यांनी 'यारी दोस्ती' घडवला. वस्तीतल्याच पोरांना हाताशी धरून आधी समजून घेतलं की इथे 'मर्द' कुणाला म्हणतात, कुठे शिट्टी मारली की टाळ्या पडतात, बायकोपुढे नमतं घेणाऱ्याची कशी टर उडवतात. मग त्याच पोरांनी गट चालवले. मुंबईच्या वस्त्यांत आणि गोरखपूरच्या खेड्यांत त्याची पारख झाली. शेवटच्या संबंधाच्या वेळी निरोध वापरल्याचं सांगण्याची शक्यता मुंबईत 1.9 पट, गोरखपूरकडे 2.8 पट झाली. आधीच्या तीन महिन्यांत जोडीदारावर हिंसा केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अमेरिकेत शाळेच्या खेळांचे प्रशिक्षक मुलांशी मुलींच्या सन्मानाबद्दल बोलतात, तो कार्यक्रम 'परिवर्तन' नावाने इथे आला तेव्हा प्रशिक्षक साहजिकच क्रिकेटचे झाले. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांची मतं सुधारली. मित्राने मुलीला छळलं की त्याला हसून दाद देणं कमी झालं. पण मधे पडून मित्राला थांबवणं काही खात्रीने वाढलं नाही. मन बदलणं आणि चारचौघांत तोंड उघडणं यात बरंच अंतर आहे, ते दहा वर्षांच्या मुलालाही लागू पडतं.

इथे आकड्यांबद्दल थोडं सावध करायला हवं. युगांडाची राजधानी कंपालामधल्या 'सासा' या कार्यक्रमाचा फार गाजावाजा झाला, आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे. त्यांनी स्त्री-पुरुष समानता, हक्क हे शब्द बाजूला ठेवून 'सत्ता' या एका विषयावर बोलणं सुरू केलं. सत्ता कुणाची, ती कशी वापरता, तुमच्यावर कुणी वापरली तेव्हा कसं वाटलं. साहेबाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळतो. 2014 मध्ये निष्कर्ष आला की कार्यक्रमाच्या भागांत वर्षभरातली मारहाण 52 टक्क्यांनी कमी होती. बातम्यांत हाच आकडा फिरला. मात्र अभ्यास फक्त आठ वस्त्यांचा होता. त्यामुळे त्या आकड्याभोवतीची अनिश्चितता एवढी मोठी की खरा परिणाम 84 टक्के घट ते चक्क 39 टक्के वाढ यांमध्ये कुठेही असू शकतो. पुरुषांचे एकाच वेळी अनेक जोडीदार असण्याचं प्रमाण घटलं आणि मारहाण गैर मानणाऱ्या स्त्रिया वाढल्या, हे त्यातले अधिक भरवशाचे निष्कर्ष. मला तो कार्यक्रम आवडतो, म्हणूनच त्याच्या नावावर नसलेलं यश त्याला चिकटवू नये असं वाटतं.

स्थानिक समजुतीची सगळी कसोटी पार करूनही अपयश येतं. आपल्या सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, जिथे देवदासी प्रथेची मुळं खोल आहेत, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांचे कायमचे जोडीदार यांच्यासाठी 'संवेदना प्लस' राबवला गेला. 47 गावं. काम करणारे तिथल्या समाजात वर्षानुवर्षं मुरलेले, भाषा तिथली, प्रश्न त्यांचेच. शेवटी मोजलं तर जोडीदाराच्या हिंसेत आणि निरोधच्या वापरात फरक पडलेला दिसला नाही. हिंसेपासून स्वतःला कसं वाचवावं याची माहिती आणि बायकांमधली एकजूट मात्र वाढली. ज्या नात्याला समाज लग्नाचा मान देत नाही, पण बाईला त्याचाच आधार वाटतो, त्यात 'निरोध' म्हणजे परकेपणाची खूण ठरते. ती गाठ काही बैठकींत सुटणारी नव्हे.

हे सगळं मोजायचं कसं, हेही शास्त्रच आहे. 'तुमच्या घरात हिंसा होते का?' असं विचारलं तर बाई नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत असते असंही नाही. राष्ट्रीय पाहणीत कृती विचारतात. नवऱ्याने कधी ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, केस ओढले का. एका घरातल्या एकाच बाईला हे प्रश्न विचारतात, आणि आजूबाजूला कुणी घुटमळत असेल तर विचारतच नाहीत. कारण या प्रश्नांचा सुगावा नवऱ्याला लागला तर मुलाखत संपल्यावर तिचं काय होईल, याची जबाबदारी विचारणाऱ्यावर असते. एवढी काळजी घेऊन पाचव्या फेरीत 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी देशात 29.3 टक्के आणि महाराष्ट्रात 25.2 टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. प्रगत म्हणवणाऱ्या आपल्या राज्यात चारातली एक.

संस्कृतीला साजेसं करायचं म्हणजे संस्कृतीला दुखवायचं नाही, असा अर्थ काही संस्था काढतात आणि कार्यक्रमाचा कणाच काढून टाकतात. मग 'सुखी संसार' या नावाखाली बायकांना समजूतदारपणाचे धडे दिले जातात. याचा मला मनापासून राग येतो. ठाण्यातल्या डॉक्टरांनी पुरुषाच्या मानाला धक्का न लावता बोलणं सुरू केलं खरं, पण बायकोच्या नकाराला नकारच मानायचं हा मुद्दा गाळला नाही. कोण, कुठे, कोणत्या निमित्ताने बोलणार, हे हवं तितकं बदलावं. बायकोच्या शरीरावर बायकोचा अधिकार, एवढी गोष्ट बदलायची नसते.

'चार्म'ची दुसरी आवृत्ती पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, 20 समूहांतल्या सुमारे 1,200 जोडप्यांबरोबर झाली. पहिल्या खेपेला सगळा भर नवऱ्यावर होता, बायको तिसऱ्या बैठकीला येणार. जुन्नरमध्ये बैठकी पाच केल्या. दोन नवऱ्यासाठी, दोन बायकोसाठी, एक दोघांची मिळून. बायकोच्या बैठकी स्त्री आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतल्या. जी बाई घरी घाबरून असते ती नवऱ्याच्या शेजारी बसून खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याचा हिशेब रात्री चुकता होण्याची भीती असते. म्हणून आधी तिला एकटीला विचारायचं, तांबी हवी की गोळ्या की सध्या काहीच नको, आणि दोघांच्या बैठकीत त्यातलं काय उघड करायचं तेही तिनेच ठरवायचं.