दोन नोकऱ्या, दोन राज्यं आणि पगारातून कापला जाणारा टॅक्स: हा घोळ आला कुठून?

न्यू जर्सीत एडिसन किंवा जर्सी सिटीला राहायचं आणि नोकरीला न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला जायचं अशी आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, आणि त्यातल्या काहींची दुसरी नोकरीही असते, कुणी संध्याकाळी कॉलेजात शिकवतं तर कुणी वीकेंडला हॉस्पिटलची शिफ्ट करतं. मग एप्रिलमध्ये रिटर्न भरताना एकदम काही हजार डॉलर देणं निघतं आणि माणूस हबकतो, की दोन्हीकडे टॅक्स कापत होते ना, मग हे काय? यात त्या माणसाची चूक फार कमी असते. ही पद्धत बसवली तेव्हा एक माणूस, एक नोकरी असंच धरून बसवली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेत इन्कम टॅक्स मोजक्याच लोकांना होता आणि ते आदल्या वर्षाचा टॅक्स पुढच्या वर्षी हप्त्यांनी भरायचे. युद्धासाठी पैसा हवा म्हणून १९४२ च्या कायद्याने टॅक्स न लागणाऱ्या कमाईची मर्यादा खाली आणली आणि साधे पगारदार कोटींच्या संख्येने टॅक्सच्या जाळ्यात आले. आता आठवड्याच्या पगारावर घर चालवणारा कामगार वर्षभराचा टॅक्स एकरकमी बाजूला ठेवणार कसा? मेसीज या दुकानाचे खजिनदार आणि न्यूयॉर्क फेडच्या (मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेच्या) संचालक मंडळाचे अध्यक्ष बिअर्ड्सली रुमल यांनी पगार मिळेल तसा टॅक्स भरायची कल्पना लावून धरली. जून १९४३ मध्ये कायदा झाला, १ जुलैपासून पगारातून कपात सुरू झाली, आणि लोकांवर एकदम दोन वर्षांचा बोजा पडू नये म्हणून एका वर्षाचा बराचसा टॅक्स, साधारण ७५ टक्के, माफ केला.

कपातीचं काम मालकावर टाकलं. पण मालकाला फक्त आपला पगार दिसतो, तुम्ही दुसरीकडे काय कमावता हे त्याला कोण सांगणार?

२०२४ चे आकडे घेऊन बघा. अविवाहित माणूस, एका नोकरीत ६०,००० डॉलर, दुसरीत ४०,०००. पहिला मालक १४,६०० ची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे टॅक्स लावण्याआधीची सरसकट वजावट, धरून साधारण ५,२१६ कापतो. दुसराही तीच डिडक्शन परत धरतो, परत १० टक्क्यांच्या सर्वात खालच्या टप्प्यापासून सुरू करतो आणि २,८१६ कापतो, म्हणजे एकूण ८,०३२. खरा टॅक्स मात्र १ लाखावर एकदाच डिडक्शन धरून निघतो आणि त्यातला बराच भाग २२ टक्क्यांत जातो, तो होतो १३,८४१. म्हणजे ५,८०९ कमी पडले. दोन्ही मालकांनी आपापलं गणित बरोबरच केलं होतं.

किती टॅक्स कापायचा हे मालकाला सांगणाऱ्या डब्ल्यू-४ फॉर्मवर २०१९ पर्यंत अलाउन्स लिहायचे (आकडा मोठा तर कपात कमी), शून्य लिहा, एक लिहा, असं एकमेकांना विचारून चालायचं. २०१७ च्या कायद्याने वैयक्तिक सूटच बंद झाली म्हणून २०२० पासून फॉर्म बदलला. आता दुसऱ्या पायरीत एकापेक्षा जास्त नोकऱ्यांसाठी वेगळी जागा आहे. दोनच नोकऱ्या असतील आणि पगार साधारण सारखे असतील तर दोन्ही फॉर्मवर चौकट टिक करायची, मग प्रत्येक मालक डिडक्शन आणि टप्पे अर्धेच धरतो. पगारात फार फरक असेल तर टिक केल्याने जास्त कापलं जातं, तेव्हा फॉर्मच्या ४(सी) या रकान्यात जादा कापायची रक्कम लिहिलेली बरी. वरच्या उदाहरणात वर्षाला २६ पगार असतील तर दर पगारामागे सुमारे २२३ डॉलर, आणि हे मोठ्या पगाराच्या नोकरीतल्या फॉर्मवर लिहायचं.

इथपर्यंत फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा टॅक्स झाला, राज्यांची गोष्ट वेगळीच. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये इन्कम टॅक्स आणला, न्यूयॉर्कने १९१९ मध्ये. बाहेर राहून आत येऊन कमावणाऱ्याकडून टॅक्स घ्यायचा का, हा वाद लगेच कोर्टात गेला, आणि १९२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याला तो घेता येईल, पण घरच्या लोकांना दिलेली वैयक्तिक सूट बाहेरच्यांना नाकारता येणार नाही. आज जर्सीकराच्या पगारातून न्यूयॉर्क कापतं ते याच पायावर. न्यू जर्सीचा स्वतःचा सर्वसाधारण इन्कम टॅक्स तर १९७६ मध्ये आला, तोही शाळांच्या पैशावरून राज्याच्या सुप्रीम कोर्टाने शाळांचा खर्च अडवला तेव्हा, गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांच्या काळात.

न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनियात करार आहे, पगारावरचा टॅक्स राहत्या राज्यालाच. फिलाडेल्फियात नोकरी असेल तर मालकाला आरईव्ही-४१९ फॉर्म द्यायचा, मग पेनसिल्वेनियाऐवजी जर्सीचा टॅक्स कापतात. पण फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स १९३९ पासूनचा आहे, तो या करारात येत नाही, तो कापला जातोच. २०१६ मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी हा करार मोडायची घोषणा केली होती, त्याच वर्षी मागे घेतली.

न्यूयॉर्कशी असा करार नाही. तिथे भरायचा आणि जर्सीच्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट, म्हणजे जर्सीच्या टॅक्समधून वजावट, घ्यायचं. शिवाय न्यूयॉर्क आधी तुमच्या सगळ्या कमाईवर टॅक्स काढतं आणि मग आपल्या वाट्याच्या प्रमाणात घेतं, म्हणजे दुसरी नोकरी जर्सीत असली तरी न्यूयॉर्कचा दर त्याने वर सरकतो. हे कुणी सांगत नाही आणि न्यूयॉर्कच्या कपातीचा आयटी-२१०४ फॉर्म नोकरी लागताना भरला तसाच वर्षानुवर्षं पडून राहतो.

कोविडमध्ये लोक घरून काम करायला लागले तेव्हा न्यूयॉर्कचा जुना नियम सगळ्यांना जाचायला लागला, की स्वतःच्या सोयीसाठी घरून काम केलं तर तो दिवस न्यूयॉर्कचाच धरायचा. न्यू हॅम्पशायर अशाच एका नियमावरून मॅसॅच्युसेट्सविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं होतं, जून २०२१ मध्ये कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मग २०२३ मध्ये न्यू जर्सीने असे नियम लावणाऱ्या राज्यांत राहून जर्सीच्या मालकाचं काम घरून करणाऱ्यांना तसाच नियम लावला, पण जर्सीत घरी बसून न्यूयॉर्कच्या ऑफिसचं काम करणाऱ्याच्या पगारातून न्यूयॉर्कची कपात अजून चालूच आहे.